चार तासांची मुदत

धडधडत्या हृदयाच्या दर 100 ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण 8 ते 10 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. तेच हृदय औषधाने निपचित केले, पण गरमच राहू दिले, तर गरज 1 मिलिलिटरच्या आसपास उतरते. शिवाय 20-22 अंशांपर्यंत थंड केले तर 0.3. वहीत हे तीन आकडे एकाखाली एक लिहून ठेवले आहेत, कारण हृदय प्रत्यारोपणातले निम्मे शास्त्र त्यांत आहे. मोठी बचत हृदय थांबवण्यात होते. थंडीने होणारी बचत त्यावरची.

बातम्यांत दिसते ती मात्र बर्फाची पेटी. सायरन, पोलिसांच्या गाड्या, पेटी घेऊन धावणारा डॉक्टर. पेटीत जाण्याआधीच्या काही मिनिटांत जे होते ते कॅमेऱ्यात येत नाही, आणि त्याच्याही आधी दीड-दोन दिवस जे चाललेले असते त्याची तर कोणी विचारपूसही करत नाही.

*

ती मिनिटे अशी. दात्याच्या छातीत महारोहिणीला क्लॅम्प लागतो. क्लॅम्पच्या अलीकडे, महारोहिणीच्या मुळाशी सुई घालून थंडगार द्रावण दाबाने सोडतात. पुढची वाट बंद असल्यामुळे ते हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरते आणि स्नायूच्या कानाकोपऱ्यात पोचते. ठोके मंदावतात, ईसीजीची रेघ सपाट होते. त्याच वेळी हृदयाच्या दोन्ही बाजू कापून मोकळ्या केलेल्या असतात, कारण आत द्रव साठून स्नायू ताणला गेला तर केलेली मेहनत फुकट. वरून थंड सलाइन आणि बर्फाचा चुरा. हाताने दाबणे, पिळणे वर्ज्य.

घड्याळ सुरू होते ते या क्लॅम्पपाशी. थांबते ते घेणाऱ्याच्या छातीतला क्लॅम्प निघाल्यावर. मध्ये साधारण 4 तास. चार तासांना काही भिंत उभी नाही. त्यानंतर धोका चढत जातो, आणि दात्याचे वय जास्त असेल तर लवकर चढतो.

*

थांबवणारे औषध मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड. कृषी केंद्रात 0:0:60 छापलेले म्युरेट ऑफ पोटॅशचे पोते मिळते, त्यातही हाच क्षार असतो. फरक शुद्धतेचा आणि मात्रेचा. अमेरिकेत देहदंडाच्या इंजेक्शनांतही हेच वापरले गेले आहे.

आपल्या रक्तात पोटॅशियम लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल. ते थोडे वर सरकले तरी डॉक्टर किडनीच्या पेशंटचे केळे आणि शहाळे बंद करतात. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये 1970 च्या दशकात डेव्हिड हर्स आणि मार्क ब्रेमब्रिज यांनी जे द्रावण बसवले त्यात ते 16 मिलिमोल आहे. एवढ्याने पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार इतका उतरतो की सोडियम आत घेणारी दारे पुन्हा उघडण्याच्या स्थितीत येतच नाहीत. ठोका उमटत नाही, आणि स्नायू सैल पडलेल्या अवस्थेत थांबतो. सैल पडून थांबणे महत्त्वाचे. आवळलेला थांबला तर आतली शिल्लक ऊर्जा तो तसाच जाळत बसतो.

1955 साली लंडनमध्येच डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवून दाखवले होते. मात्रा फार तीव्र होती. स्नायूला इजा होते असे दिसले आणि पुढे कित्येक वर्षे त्या वाटेला फारसे कोणी फिरकले नाही. कल्पना बरोबर होती, प्रमाण चुकले. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी वेगळी रीत काढली: द्रावणात सोडियम अगदी कमी, आणि साठत जाणारे आम्ल शोषून घ्यायला हिस्टिडिन भरपूर. लांबच्या प्रवासाला निघालेल्या हृदयासाठी ते आजही पुष्कळ ठिकाणी वापरतात.

*

संध्याकाळच्या दूध संकलनाला डेअरीवर हा विषय निघाला. बल्क कूलरवर 4 अंश दिसत होते. कूलर सांभाळणारा म्हणाला, "सर, गार पाहिजे पण गोठता कामा नये. गोठलं की फॅट सुटतं, टँकरवाला वळूनसुद्धा बघत नाही."

हृदयाचेही तसेच. तीन पिशव्या एकात एक, सगळ्यांत आतल्या पिशवीत थंड द्रावण आणि त्यात बुडालेले हृदय, पेटीत बर्फ. बर्फ थेट टेकला किंवा तापमान 2 अंशांच्या खाली गेले तर स्नायूतली प्रथिने बिघडू लागतात. म्हणून आता नुसत्या बर्फाऐवजी 4 ते 8 अंश कायम राखणाऱ्या पेट्या निघाल्या आहेत. दुधाशी साम्य इथवरच. दुधाला मुक्कामी पोचल्यावर मिनिटाला सत्तर वेळा आकुंचन पावायचे नसते.

*

आमच्या पारनेर तालुक्यातून मुंबईला गेलेली माणसे गिरण्यांत लागली, माथाडीत लागली. त्यांच्यामुळे परळचे केईएम इस्पितळ गावाकडे घरोघरी माहीत. "केईएमला नेलंय" एवढे कळले की दुखणे किती मोठे ते वेगळे विचारावे लागत नसे.

त्याच केईएममध्ये फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी माणसाचे हृदय बदलले. केप टाउनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातले पहिले प्रत्यारोपण केले होते 3 डिसेंबर 1967 ला. सेन यांचे सहावे. मधल्या चारांपैकी दोन ब्रुकलिनच्या एड्रियन कांट्रोविट्झ यांची, एक बर्नार्ड यांचेच, एक स्टॅनफर्डच्या नॉर्मन शमवे यांचे. म्हणजे हे धाडस करणारा जगातला चौथा सर्जन परळच्या म्युनिसिपल इस्पितळातला होता.

पेशंट काही तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो पेशंटही दिवसभर तगला नाही.

याला फसलेला प्रयोग म्हणून मोकळे होणारे लोक आहेत. त्यांनी त्या काळी हाताशी काय होते ते पाहावे. सेंट थॉमसचे द्रावण यायचे होते. नवे अवयव शरीराने नाकारू नयेत म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन यायचे होते. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नव्हता, म्हणजे दात्याचे हृदय नेमके केव्हा काढायचे हाच प्रश्न अधांतरी. 1968 या एका वर्षात जगभर शंभरावर हृदये बदलली गेली आणि बहुतेक पेशंट थोड्याच काळात दगावले. मग एकेकाने हात आखडता घेतला. शमवे तेवढे चिकटून राहिले. हृदय 4 अंशांच्या सलाइनमध्ये बुडवून ठेवण्याची साधी रीत त्यांनी आणि रिचर्ड लोअर यांनी 1959-60 च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पक्की केली होती.

*

सेन यांचे हृदयाच्या स्नायूवरचे आणखी एक काम आहे, आणि मला ते प्रत्यारोपणाहून लोभस वाटते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या भिंतीला बरेचसे रक्त थेट आतल्या पोकळीतून मिळते. मग ज्या माणसाच्या धमन्या तुंबल्या त्याच्या स्नायूलाही आतूनच रक्त का पाजू नये? म्हणून त्यांनी हृदयाच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडून पाहिली. या कामावरचा निबंध 1965 साली अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला. सेन यांच्यासोबत त्यावर उडवाडिया, किनरे आणि परुळकर ही नावे आहेत. पुढे परदेशात लेसरने अशी छिद्रे पाडण्याची टूम निघाली तेव्हा पूर्वपीठिका म्हणून या निबंधाचा दाखला दिला जाऊ लागला.

आपल्या शाळांतल्या विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

*

8 जुलै 1994: अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी.
3 ऑगस्ट 1994: दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या हातून देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण.
4 फेब्रुवारी 1995: कायदा अमलात. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा.
3 ऑगस्ट 2015: पुण्याच्या इस्पितळातून निघालेले हृदय विमानाने मुंबईला आणि तिथून मुलुंडला. शस्त्रक्रिया डॉ. अन्वय मुळे यांची. मुंबईत 1968 नंतर 47 वर्षांनी.
2024: केईएममध्ये पुन्हा एकदा, 56 वर्षांनी.

कायदा अमलात येऊनही मुंबईला आणखी वीस वर्षे लागली. यादी कोरडी आहे, पण खालच्या दोन ओळींतले वर्षांचे आकडे वाचताना मला राग येतो.

*

पारनेरला हृदय बदलण्याचे केंद्र नाही, असण्याची गरजही नाही. पण नगरहून पुण्याला हृदय गाडीने न्यायचे ठरले तर रस्ता आमच्या तालुक्यातूनच जातो: सुपे, मग शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली. सव्वाशेच्या आत-बाहेर किलोमीटर.

गणित मांडून पाहिले. क्लॅम्प लावल्यापासून हृदय बाहेर काढून पिशव्यांत बांधेपर्यंत अर्धा तास धरू. पलीकडे शिवायला तास-सव्वा तास. चारांतले उरले सव्वादोन, आणि त्यात इस्पितळाच्या लिफ्टपासून सगळे आले. ज्याने संध्याकाळची वाघोली पाहिली आहे तो ग्रीन कॉरिडॉरला, म्हणजे पेटीसाठी वाहतूक अडवून मोकळ्या केलेल्या रस्त्याला, चैन म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याची छाती आधीच उघडून, त्याला हार्ट-लंग मशीनवर घ्यायची तयारी झालेली असते. जुने हृदय मात्र नवे दारात आल्याशिवाय काढत नाहीत. पेटी उशिरा आली तर स्नायू वाया जातो. पेशंटला फार आधी मशीनवर घेतले तर त्याचे रक्त बिघडते. दोन थिएटरांमध्ये मिनिटामिनिटाला फोन चालू असतात.

जुलै 2023 मध्ये नागपूरहून पुण्याला हृदय आणले ते हवाई दलाच्या विमानाने. घेणारा हवाई दलातलाच जवान, शस्त्रक्रिया लष्कराच्या पुण्यातल्या हृदय-छाती संस्थेत. पारनेर तालुक्यात ज्यांच्या घरातले कोणी फौजेत आहे अशा कुटुंबांना ही बातमी वेगळी सांगायला नको.

*

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते.

स्नायूची पहिली पडझड दात्याच्या खाटेवर होते. मोटारसायकलवरून पडलेला, हेल्मेट नसलेला पोरगा डोळ्यांसमोर आणा. मेंदू सुजतो. कवटीत फुगायला जागा नसते, मेंदूचा देठ दाबला जातो. जाता जाता त्यातून अॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा असा लोट सुटतो की ब्लडप्रेशर आभाळाला भिडते, नाडी भरधाव पळते, आणि हृदयाच्या स्नायूत ठिकठिकाणी बारीक इजा होतात. मग सगळेच कोसळते. ब्लडप्रेशर पडते. पिट्यूटरी बंद पडल्यामुळे लघवीला ताळतंत्र राहत नाही, रक्तातले सोडियम चढत जाते. अंग गार पडू लागते.

इथे आयसीयूतल्या डॉक्टर-नर्सनी 'आता काय उरलंय' म्हणून हात काढून घेतला तर पाठोपाठ हृदयही जाते. हात काढला नाही तर बरेच करता येते. व्हेसोप्रेसिन, स्टेरॉइड, काही ठिकाणी थायरॉइडचे हार्मोन. सलाइन मोजूनमापून. अंगावर गरम हवेचे पांघरूण, कारण पुढे ज्या हृदयाला बर्फात घालायचे त्याला तोवर कसोशीने उबेत ठेवावे लागते. इकोत पंप कमजोर दिसला तरी लगेच फुली मारायची नसते. तो लोट ओसरला, औषधे लागू पडली, की दिवसभरात पुष्कळ हृदये सावरतात. म्हणून इको पुन्हा करतात. घाईघाईने नाकारलेले हृदय आणि वाटेत खराब झालेले हृदय, घेणाऱ्याच्या दृष्टीने सारखेच.

हे काम करणाऱ्याला कोणी हार घालत नाही. रात्री तीनला लघवीचे माप लिहिणारी नर्स फोटोत नसते. हृदयाच्या स्नायूचे रक्षण हा मथळा द्यायचा तर तो तिच्या तक्त्यावर द्यावा.

*

मेंदूमृत्यूची तपासणी दोनदा होते, मध्ये किमान 6 तास, चार डॉक्टरांचे मंडळ. व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू देतात आणि एखादा तरी श्वास येतो का ते पाहतात.

त्या 6 तासांत नातेवाइकांना दिसते ते इतकेच: छाती वर-खाली होते आहे, मॉनिटरवर ठोके पडताहेत, हाताला हात लावला तर ऊब आहे. "अजून जीव आहे हो साहेब" असे बापाने म्हटले तर त्यात अडाणीपणा कसला? हृदयाला स्वतःचा ठोका पाडायला मेंदू लागत नाही, हे शाळेत शिकलेला माणूसही त्या दारात विसरेल. समजावून सांगणाऱ्याकडे दोनदा, तीनदा सांगण्याइतका वेळ आणि जीभ हवी. घाई करणाऱ्याला नकार मिळाला तर दोष नातेवाइकांचा नाही.

*

विचित्र भाग असा की सगळे नीट पार पडून रक्त पुन्हा सुरू झाले, की त्याच क्षणी इजा होऊ शकते. भुकेल्या पेशींत ऑक्सिजन एकदम घुसतो, त्यातून मारक कण तयार होतात. कॅल्शियमचा लोंढा आत येतो आणि स्नायू आवळला तो सुटतच नाही. ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी 1972 मध्ये अशा आवळून कडक झालेल्या हृदयाला 'दगडी हृदय' म्हटले. ते साध्या शस्त्रक्रियांतले होते, पण भीती तीच.

म्हणून क्लॅम्प काढण्याआधी पुष्कळ सर्जन कोमट, औषधी रक्ताचा एक हप्ता देतात. सुरुवातीला दाब कमी ठेवतात. आतली हवा काढून टाकतात, नाहीतर बुडबुडा मेंदूत जायचा. हृदय कधी आपणहून धडकू लागते, कधी नुसते थरथरते आणि विजेचा हलका झटका द्यावा लागतो. मग काही वेळ त्याला रिकामेच धडकू देतात, भार मशीनवर. उजवी बाजू जास्त नाजूक. घेणाऱ्याच्या फुप्फुसांतला दाब वर्षानुवर्षे चढलेला असला तर नव्या हृदयाची उजवी बाजू तिथेच हबकते. हा दाब आधी न तपासता केलेली तयारी व्यर्थ.

*

नव्या पेट्या. ट्रान्समेडिक्सच्या पेटीत हृदय गरम रक्तावर, प्रवासभर धडकत जाते. स्वीडनमधल्या लुंडच्या स्टिग स्टीन यांची रीत उलट: 8 अंश, थांबलेले हृदय, पण ऑक्सिजन मिसळलेले द्रावण त्यातून सतत फिरते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये या रीतीने 6 तासांहून जास्त बाहेर राहिलेली हृदये बसवून ती नीट चालली आहेत. तिथली अंतरे पाहता त्यांना ती हवीच होती.

आपल्याला? धडकत्या हृदयाच्या पेटीचा एकदा वापरून टाकायचा संचच लाखोंचा. मला कोणी विचारले तर तो पैसा मी आधी जिल्ह्याच्या आयसीयूंत घालीन. चांगले राखलेले हृदय साध्या बर्फातूनही पोचते. खाटेवरच खराब झालेले कुठल्याही पेटीत सुधारण्याची आशा थोडी.

*

2011 च्या कायदादुरुस्तीने एक चांगली सोय केली. प्रत्यारोपण न करणाऱ्या, पण आयसीयू आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या इस्पितळाला अवयव काढून देण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते. अहिल्यानगर जिल्ह्यात अशी नोंदणी करण्याजोगी इस्पितळे आहेत. जी नोंदली नाहीत त्यांच्या विश्वस्तांना लोकांनी विचारावे: का नाही?

तालुक्याच्या रुग्णालयाकडून एवढी अपेक्षा नाही. पण हायवेवरचा अपघातग्रस्त पुढे पाठवताना श्वासनलिकेत नळी घातली, रक्तस्राव थांबवला, ब्लडप्रेशर राखले, तर आधी तो स्वतः जगण्याची शक्यता वाढते, आणि तेच खरे काम. नाहीच जगला तर त्याचे हृदय शाबूत असते.

*

नोटो या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवता येते. फोन 1800 11 4770. प्रतिज्ञा नोंदवली तरी त्या वेळी इस्पितळात जवळच्या नातेवाइकाची संमती विचारतातच, आणि ती नसेल तर कोणी पुढे जात नाही. तेव्हा नोंदणी करा, आणि केल्याचे बायकोला, आईला, मुलांना आज रात्री जेवतानाच सांगून ठेवा.